ॲल्युमिनियमचा उंबरठा

आमच्या जयपूरच्या घराला उंबरठा नाही हे मला कळलं तेव्हा फरशी बसून गेली होती. भाच्याच्या लग्नासाठी मी भुसावळला गेले होते. परत येऊन पाहते तर पुढच्या दारात घरातली फरशी आणि बाहेरची फरशी एकमेकींच्या गळ्यात गळा घालून पडलेल्या. घर कुठे सुरू होतं आणि ओटा कुठे संपतो, काही कळायला मार्ग नाही. ठेकेदार म्हणाला, "आंटीजी, आजकल देहरी कोई नहीं बनवाता. पोंछा सीधा बाहर निकल जाता है." मी म्हटलं, पोंछा निकल जाएगा तो लक्ष्मी भी निकल जाएगी. त्यावर तो हसला आणि आमच्या ह्यांनी त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला. म्हणजे दोघांचं आधीच संगनमत झालेलं होतं.

आमचे हे रेल्वेत होते, रूळ सांभाळणाऱ्या खात्यात. सगळी नोकरी रुळांच्या कडेने मान खाली घालून चालण्यात गेली. मला पाहायला आले होते तेव्हाही मान खालीच होती. माझ्या घरच्यांना वाटलं, मुलगा लाजाळू आहे. लग्नानंतर कळलं की ते आमच्या ओसरीचा उतार पाहत होते. अशा माणसाला जमिनीतून मध्येच वर आलेली कोणतीही वस्तू खपत नाही, आणि उंबरठा म्हणजे तर तेवढंच काम असलेली वस्तू.

मी मात्र उंबरठ्यासाठी थांबले होते. आम्ही जन्मभर क्वार्टर्समध्ये राहिलो. तिथे सगळीकडे उंबरठे होते, वाळवी लागलेले, आधीच्या बिऱ्हाडाच्या हळदीचे डाग असलेले, पण ते आपले नव्हते. बदलीचा कागद आला की त्यांना नमस्कार करून निघायचं. शेवटची बदली जयपूरला झाली, मुलगा इथेच शिकला, इथल्या पोरांसारखा "मतलब" म्हटल्याशिवाय वाक्य सुरू करेनासा झाला. मग नोकरी संपल्यावर झालान्याच्या जंगलाच्या टेकड्या गच्चीवरून दिसतील अशा वसाहतीत घर बांधलं. पहिलं स्वतःचं घर. मुलाचं लग्न ह्याच घरातून होणार, सून ह्या घरात येणार, आणि ती उंबरठ्यावरचं माप ओलांडून येणार, एवढीच माझी इच्छा होती. माझं एक ठाम मत आहे. उंबरठा ओलांडून जी आत येते ती घरची, आणि नुसती चालत आत येते ती पाहुणी. पाहुणी कितीही चांगली असली तरी पाहुणीच.

उंबरठ्याला नकार देणाऱ्या ह्यांनी स्वतःचा हट्ट मात्र पुरा करून घेतला होता. बैठकीच्या खोलीची मागची सगळी भिंत गाळून तिथे सरकतं काचेचं दार. कधीकाळी कुठल्याशा साहेबांच्या विश्रामगृहात पाहिलेलं त्यांच्या मनात बसलं होतं. विश्वकर्मा एरियातल्या एका कारखान्यातून ते टेम्पोत उभं राहून आलं. एक पल्ला पक्का, एक सरकता. मागे कोटा फरशीचं छोटंसं अंगण. दार बसवून झाल्यावर हे त्याच्या समोर खुर्ची टाकून बसले आणि दिवसभर उठलेच नाहीत. अंगणात बघण्यासारखं काही नव्हतं. ते खालचा ट्रॅक बघत होते. त्याला ते पहिल्या दिवसापासून रूळच म्हणत.

काचेचा उपद्रव लगेच सुरू झाला. जंगलाकडून एक मोर यायचा, त्याला काचेत दुसरा मोर दिसायचा, आणि तो आमच्या दाराशी कडाकडा भांडायचा. मोर निदान भांडून तरी जायचा. शेजारच्या बाई कढीची वाटी घेऊन आल्या त्या थेट काचेतूनच आत यायला निघाल्या. कढी बाहेर राहिली, नाक आतल्या बाजूने चपटं दिसलं. मग मी बायका आरशावर करतात तेच केलं. माझ्या वापरलेल्या टिकल्या नाकाच्या उंचीवर एका ओळीत काचेला चिकटवल्या. हे म्हणाले, "दाराला देवी आल्यासारखं दिसतंय." पण त्यानंतर कोणी आपटलं नाही. मोरही टिकल्या पाहून गोंधळला आणि दुसऱ्या घरी जायला लागला.

एकदा गळून पडलेली टिकली उचलायला वाकले होते तेव्हा लक्षात आलं की ह्या सबंध गुळगुळीत घरात एकच गोष्ट जमिनीतून वर आली आहे. तो ट्रॅक. बोटभर उंच, भिंतीपासून भिंतीपर्यंत सरळ, आत आणि बाहेर ह्यांच्या मधोमध. मी तिथेच खाली बसले. घरात उंबरठा होता. फक्त मागे होता आणि ॲल्युमिनियमचा होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला हळदकुंकू वाहिलं. बाहेर रांगोळी घातली, वरच्या चौकटीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, तुळस मागे नेली. घराचं तोंडच फिरलं. आणि घरात युद्ध पेटलं. कारण हळदकुंकू खाचेत उतरलं, त्यावर तेलाच्या दिव्याचा थेंब सांडला, त्यावर जयपूरची धूळ बसली, आणि दार सरकताना कुंथायला लागलं. हे बॅटरी आणि रंगाचा जुना ब्रश घेऊन गुडघ्यांवर बसत आणि खाच साफ करत. "रुळावर वस्तू ठेवणं हा गुन्हा आहे," ते म्हणत. "उंबरठ्यावर चप्पल घालून पाय देणं हा त्याहून मोठा," मी म्हणे. मंगळवारी आणि शुक्रवारी मी पूजा करायची, बुधवारी आणि शनिवारी ते रूळ धुवायचे. मुलगा म्हणाला, "मतलब, तुम्ही दोघं मिळून एका दाराला टाइमटेबल लावलंय."

ह्याच सुमारास त्याने लग्न ठरवलं. मुलगी जयपूरचीच, इथल्याच घरातली, सीतापुऱ्यात कपडे परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात कापडावरचे नमुने काढण्याचं काम करणारी. मराठी तिला "बस झालं" एवढंच येत होतं, ते तिने माझ्या मुलाला वाढताना ऐकलं असावं. मुलगी मला आवडली. खोटं कशाला बोलू, जरा भीतीही वाटली. मुलाचं मराठी अर्धं उडालंच होतं. आता घरात आम्ही दोघंच उरणार का, आणि ही आपल्यात येणार की आपल्याकडे येणार, हे मला कळत नव्हतं. म्हणून माप ओलांडण्याचं मी जास्तच मनावर घेतलं. भुसावळहून सासूबाईंचं पितळेचं माप मागवलं. ते माझी नणंद मांडीवर ठेवून घेऊन आली.

ह्यांनी अट घातली. माप आत फरशीवर ठेवायचं, रुळावर नाही. मी मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे कबूल करणं असं त्यांना अजूनही वाटतं.

वऱ्हाड परतलं ते भर उन्हाळ्यातल्या दुपारी. पुढच्या दाराने सगळे आत शिरणार तोच मी आडवी उभी राहिले आणि म्हटलं, मागून. बँडवाले बुचकळ्यात पडले. घर आणि कुंपणाची भिंत ह्यांच्या मध्ये माणूसभर रुंदीची बोळ आहे, तिथे पाण्याची मोटर, गॅसचं सिलिंडर आणि कूलरचा लोखंडी सांगाडा आहे. त्या बोळीतून नवरानवरी, नणंद आणि चाळीसगावची पाहुणेमंडळी एकामागून एक निघाली. ढोलवाला ढोलासकट अडकला, म्हणून तो तिथेच उभा राहून वाजवत राहिला. नवरीचा शालू कूलरला लागला. तिने मुलाकडे बघितलं. त्याने खांदे उडवले.

मी आतून ट्रॅकच्या मागे औक्षणाचं ताट घेऊन उभी. हे कोणाला तरी पाणी द्यायला वळले तेवढ्यात मी पायानेच माप सरकवलं आणि बरोबर रुळावर उभं केलं. तांदूळ काठोकाठ भरलेले, वर गुळाचा खडा. आता जी ठोकर लागेल ती उंबरठ्यावरच्या मापाला लागेल. मुलाने तिला कानात समजावलं, "पैर से गिराना है."

इथे एक गोष्ट मला माहीत नव्हती. त्यांच्याकडे नवी नवरी सासरी आली की जमिनीवर मांडलेली ताटं एकेक करून उचलते, आणि ताटाला ताट लागून आवाज झाला तर घरात भांडणं होतात म्हणे. तिच्या आईने तिच्याकडून ह्याची तालीम करून घेतली होती. काहीही कर पण आवाज करू नकोस, असं बजावून पाठवलेल्या त्या पोरीने माझ्या सासूच्या मापाला इतक्या हळूच अंगठा लावला की ते पडलं नाही, नुसतं कलंडलं. आणि सगळे तांदूळ, एक दाणाही आत किंवा बाहेर न जाता, खाचेत ओळीने जाऊन बसले. मुद्दाम भरले असते तरी इतके नीट बसले नसते.

ती आत आली. मागोमाग मुलगा आला. मी ओवाळलं, डोळे भरून आले, आणि नेमकी त्याच वेळी आंधी सुटली. जयपूरची आंधी आली की घराघरांतून "दरवाज़ा बंद करो" एवढाच आवाज येतो. आकाश पिवळं झालं, अंगणातल्या खुर्च्या चालायला लागल्या, तोरणाची पानं उडाली. कोणीतरी दार ओढलं. दार निम्म्यात आलं आणि थांबलं. पुढेही जाईना, मागेही येईना. निम्मं वऱ्हाड आत, निम्मं बाहेर, आणि मधल्या फटीतून सबंध वाळवंट घरात येत होतं. आतले बाहेर ढकलत होते, बाहेरचे आत ढकलत होते. ढोलवाला अजून बोळीत वाजवत होता.

नणंद पदराने तोंड झाकून म्हणाली, "घोडं कुठं पेंड खातंय ते बघा तरी." ह्यांनी वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. असं मी त्यांना फक्त एकदाच बघताना पाहिलं होतं, कोणीतरी रुळावर मोटारसायकल उभी केली होती तेव्हा.

"सगळे जिथे आहात तिथे थांबा," ते म्हणाले. "ब्लॉक घ्यावा लागेल." रेल्वेत रूळ दुरुस्त करताना गाड्या बंद ठेवतात त्याला ब्लॉक म्हणतात. आमच्या घरात तो मुलाच्या लग्नात घेतला गेला. बॅटरी आली, ब्रश आला, हे गुडघ्यांवर बसले. मी ताट हातात घेऊन तशीच उभी. नणंद हळू आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल अशा, म्हणाली की नवरीच्या पावलाने दार अडावं हे काही चांगलं लक्षण नाही. मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त राग आला कारण मलाही तसंच वाटत होतं. एवढा आटापिटा केला तो पोरगी घरची व्हावी म्हणून, आणि पहिल्याच पावलाला घराने दार लावून घ्यायलाही नकार दिला.

तेवढ्यात शालूची सळसळ झाली. नवी सून शालूसकट खाली बसली होती. तिने केसांतला आकडा काढला आणि खाचेतून एक तांदूळ वर उचलला. "बाबूजी, हा घ्या," असं काहीतरी म्हणाली, अर्धं हिंदी, अर्धं माझ्या मुलाचं. ह्यांनी बॅटरी धरली. ती आकड्याने टोकरत गेली, हे ब्रशने झाडत गेले. दोघांनाही धुळीचं, पाहुण्यांचं, माझं, कशाचंच भान नव्हतं. बरेच तांदूळ निघाले, पण चाकाखालचे काही निघेनात. हत्ती गेला नि शेपूट राहिलं. ती म्हणाली, "इतने रहने दें क्या?" रुळावर मुंगीही चालू न देणारा माणूस थोडा वेळ विचार करून म्हणाला, "राहू दे."

दार बंद झालं, कर्र असा आवाज करत. तो आवाज अजून आहे.

रात्रीच्या जेवणाआधी ती स्वयंपाकघरात आली आणि विचारलं, "आई, वो चावल, मतलब क्यों?" मी तिला माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. ये हमारा उंबरठा है, जो इसके ऊपर से आता है वो मेहमान नहीं रहता. तिने मान डोलावली. ह्या घरात मान डोलावणं म्हणजे काय हे मी वर सांगितलंच आहे, म्हणून मी फार आशा धरली नाही.

ती आमच्याकडे राहिली तोवर गुणाने राहिली. सकाळी सीतापुऱ्याला जायची, संध्याकाळी यायची, फ्रिज उघडायच्या आधी विचारायची. मला ते विचारणं खुपायचं. नवी सून म्हणून मी तिला केर काढू दिला नाही, भांड्यांना हात लावू दिला नाही. एकदा तिने झाडू हातात घेतला तो मी काढून घेतला आणि म्हटलं, तू बस. ती बसली, आमच्या ह्यांच्या खुर्चीशेजारी, रूळ बघत. त्या दोघांचं मात्र छान जमलं होतं. शनिवारचा ब्रश तिच्याकडे आला होता. मुलगा ट्रॅकवर उभा राहून फोनवर बोलायला लागला की ती त्याला खाली उतरवायची. "उंबरठे पर खड़े नहीं होते."

मग त्यांनी सीतापुऱ्याकडे फ्लॅट घेतला. तिचं काम जवळ, त्यालाही सोयीचं. जयपूर काही एवढं मोठं नाही, मी कोणाला दोष देत नाही. पण सामान गेलं त्या दिवशी मी दाराशी बसले आणि मनात म्हटलं, शेवटी पाहुणीच निघाली. माप खाचेत पडलं ते पडलंच. ह्यांनी दार एकदा उघडलं, एकदा लावलं, कर्र आवाज ऐकला आणि बॅटरी जागेवर ठेवली.

त्यांच्या घरी वास्तुशांतीला बोलावलं तेव्हा मी पाहुण्यासारखीच तयारी केली. नवी साडी, मिठाईचा पुडा, नारळ. फ्लॅट वरच्या मजल्यावर होता. दारात ॲल्युमिनियमचं काम करणारा माणूस हत्यारं पिशवीत भरून निघत होता. मला पाहून त्याने हात जोडले. "आंटीजी, आपके यहाँ जैसा पूजा वाला दरवाज़ा लगा दिया है. मैडम ने बताया, मराठी लोगों में स्लाइडिंग के बिना गृहप्रवेश नहीं होता."

मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. ते आधीच आत जाऊन ट्रॅकची पातळी बघत होते.

सून आतून आली. तिने सांगितलं की बिल्डर बाल्कनीला साधं लोखंडी दार देत होता, तिने भांडून सरकतं घेतलं. उंबरठा लागतो ना. मध्यंतरी नागपूरला मुलाच्या मित्राकडे गेली होती तर तिथे उंबरठा पुढच्या दाराला होता. लाकडाचा. तिला त्या लोकांचं हसू आलं होतं, पण तिने त्यांना काही म्हटलं नाही. मीही तिला काही म्हटलं नाही. काचेवर नाकाच्या उंचीला टिकल्यांची ओळ होती, तिच्या टिकल्यांची, चमकीच्या.

आता अडचण अशी की उंबरठा बाल्कनीला, आणि बाल्कनी वरच्या मजल्यावर. त्यामुळे आम्ही सगळे आधी चोरासारखे पुढच्या दाराने आत आलो, कोणी आल्याचं कोणी पाहिलं नाही असं धरून हॉलमधून चालत बाल्कनीत गेलो, आणि तिथे दाटीवाटीने उभे राहिलो. खालच्या सोसायटीतले लोक मान वर करून बघत होते. सून आत राहिली, हातात ताट. रुळावर, अगदी बरोबर रुळावर, तिने माप ठेवलं होतं. स्टीलचं होतं, पण काठोकाठ भरलेलं, वर गुळाचा खडा.

"आई, आधी तुम्ही."

मी म्हटलं, अगं, हे नव्या नवरीने करायचं असतं, मी कसली.

"मेरे घर में तो आप नई हो ना," ती म्हणाली. "नुसत्या आल्या तर पाहुण्या होणार. तुम्हीच बोलल्या होत्या."

मुलगा मोबाइलवर फोटो काढत होता, त्याने मोबाइल खाली घेतला. हे बाल्कनीत गुडघ्यांवर बसले, बॅटरी लावून खाच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितली आणि हात वर केला. "लाइन क्लिअर."

मी साडी सावरून उजवा अंगठा पुढे केला.

"ज़ोर से, आई," सून म्हणाली. "धीरे से किया तो चॅनल में जाता है."

मी जोरात मारलं. माप उडालं, सोफ्याला आपटलं, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत तांदूळच तांदूळ झाले. ह्यांनी पुन्हा वाकून बघितलं. खाचेत एक दाणा नव्हता. मी आत आले. सुनेने ओवाळलं, पाया पडली. नारळ आणि मिठाईचा पुडा कुठे ठेवावा म्हणून मी इकडेतिकडे बघत होते, तर तिने पुडा हातातून काढून घेतला आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"आई, झाडू तिकडे आहे."

मी पदर खोचला आणि केर काढायला घेतला. पाहुण्यांना कोणी झाडू दाखवत नाही.